नव्या इंजिनाला गोडं पाणी

माशाची पाटी घेऊन तुम्ही कधी बसमध्ये चढलायत का? नाही ना? एकदा चढून बघा. कंडक्टर आधी नाक मुरडतो, मग दारात हात आडवा घालतो. रिक्षावाला पाटी बघतो आणि त्याला नेमकं तेव्हाच गॅस भरायला जायचं असतं. आणि ज्यांना रात्री ताटात तळलेल्या सुरमईचा तुकडा लागतो, तेच सकाळी सीटवरून उठून लांब जाऊन दांड्याला लटकतात.

तारोडीच्या कोळीवाड्यातल्या टेरेझाने हे सगळं भोगलंय. म्हणून तर ती गाडी चालवायला शिकली. सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका टेम्पोवाल्याला वाटेत जास्त भाड्याचा माल मिळाला आणि त्याने मुर्ध्याच्या रस्त्यात सात बायकांच्या पाट्या उतरवून ठेवल्या. वर ऊन, खाली वितळणारा बर्फ. त्या सातांत टेरेझा होती. तिने त्या टेम्पोवाल्याच्या खानदानाचा उद्धार केला. तो हसत निघून गेला. त्याच महिन्यात टेरेझा ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत एका जुन्या जीप-पिकअपचं स्टिअरिंग धरून बसली. शेजारी नवरा बॉस्को, जणू त्याच्याही पायाखाली ब्रेक आहे असे दोन्ही पाय ताठ करून.

"अगे, समुद्रात घालशील!"

"घालीन. तुला पोहता येतंय ना?"

गाडी तेव्हाच म्हातारी होती. लांब नाक, गोल दिवे, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. बॉस्कोच्या आधी तिचे दोन मालक होऊन गेलेले. पण त्या दिवसापासून तारोडीच्या सात बायकांना कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. होड्या लागल्या की टेरेझा गाडी उलटी घेत थेट पाण्याच्या कडेला नेणार, अर्धं चाक लाटेत. पाट्या चढल्या, बर्फ पडला, फळी लागली की गाडी सुटली ती मीरा रोडला, पूनम सागरच्या बाजारात.

त्या बाजाराच्या तोंडालाच या बायकांची जागा. रस्त्यावरून वळलं की पहिल्या दिसतात त्या ह्याच. कागद नाही, पावती नाही, पण जागा त्यांची. तिथे एकच कायदा चालतो आणि तो कुठेही लिहिलेला नाही: लागोपाठ तीन दिवस जागा मोकळी पडली की ती बसेल त्याची. टेरेझाला हा कायदा पाठ आहे. एकदा एक लसूणवाला चार दिवस गावाला गेला होता, तेव्हा हाच कायदा सुनावून तिने त्याची जागा आपल्यात ओढून घेतली होती. तिला त्याचं फार काही वाटलं नव्हतं. बाजारात कुणालाच वाटत नाही.

तेव्हा हे नीट लक्षात घ्या: गाडी चालली तर मासा वेळेवर पोचणार, मासा पोचला तर जागा राहणार, आणि जागा राहिली तर सात घरांत चूल पेटणार. गाडी बंद म्हणजे सगळंच बंद.

आणि गाडी बंद पडायला आली होती.

दोन वर्षं इंजिन काळा धूर ओकत होतं. चढणीला बायका खाली उतरायच्या, मागून चालत यायच्या. मग रेडिएटरच्या पाण्यात तेल दिसायला लागलं. टेरेझाने गाडी चेण्याला नेली, परशुरामकडे.

परशुराम साठी ओलांडलेला माणूस. घोडबंदर रोडच्या कडेला पत्र्याची शेड, तेच त्याचं गॅरेज. आगरी. बापाची मिठागरं भाईंदरच्या खाडीला होती. ती कशी गेली ते विचारू नका, तो वेगळा संताप आहे. बाप मिठात राबला, मुलगा ग्रीसमध्ये. जुन्या गाडीचं इंजिन नुसतं कानाने तपासणारी जी दोन-चार माणसं या भागात उरलीत, त्यातला हा एक. त्याने बॉनेट उघडलं, आत बॅटरीचा उजेड टाकला.

"टेरेझाबाय, हिचा ब्लॉक तडकलाय. वेल्डिंग मारतो म्हणशील तर मारीन, पण ते तुझ्या समाधानाला. गाडीला उपेग नाय."

"मंग काय करू? भंगारात घालू?"

"इंजिन बदलू. पण तसलं इंजिन आता मिळत नाय, मिळालं तरी ते असंच थेरडं. नव्या पद्धतीचं टाकू. कॉम्प्युटरवालं."

"माझ्या मासळीच्या गाडीत कॉम्प्युटर?"

"तुझ्या कमरेला मोबाईल हाय ना? मंग? तो काय नारळाचा हाय?"

जून लागला, मासेमारी बंद झाली. दोन महिने होड्या किनाऱ्यावर. परशुरामने एक अपघातात चेपलेली नवी पिकअप शोधून काढली. तिची चासी वाकलेली, पण इंजिन जिवंत आणि कागद साफ. तिचं काळीज काढून हिच्या छातीत बसवायचं होतं. ऐकायला सोपं वाटतं. नव्या इंजिनाच्या खालचं तेलाचं भांडं खोल, ते पुढच्या ॲक्सलवर टेकायला लागलं. परशुरामने इंजिन धरणारे लोखंडी पाय कापले, जोडले, परत कापले. चार वेळा. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची भोकं जुळेनात, म्हणून मध्ये जाड लोखंडी प्लेट घालायची ठरली. भाईंदरच्या लेथवर करून घेतलेली पहिली प्लेट सूतभर चुकली. गाडी सुरू केल्यावर गिअरबॉक्स असा रडला की रस्त्यापलीकडचा चहावाला उठून बघायला आला. परशुरामने अख्खं इंजिन पुन्हा उतरवलं. प्लेट पुन्हा केली. कुरकुरला नाही. फक्त संध्याकाळी हात धुताना नळाखाली ते जास्त वेळ धरून ठेवायचा. हात थरथरत होते. टेरेझाने ते पाहिलं होतं.

ती आठवड्यातून दोनदा चेण्याला जायची, डब्यात काहीतरी घेऊन. बाकीच्या दिवशी जागा राखायची. सुक्या बोंबलाचं पोतं तीन-तीन पिशव्यांत घट्ट बांधायचं, वास बाहेर येता कामा नये, आणि दोघी-दोघींनी बसने जाऊन अख्खा दिवस बाजारात बसायचं. विकलं गेलं तर गेलं. बसणं महत्त्वाचं. इंजिनचा नवा नंबर गाडीच्या पुस्तकावर चढवायला आर.टी.ओ.च्या तीन खेपा झाल्या. त्या खेपांवर बोलायला बसलो तर गाडी राहील बाजूला.

जुलै संपता संपता परशुरामने गाडी ताब्यात दिली. चावी फिरवली तर आवाजच नाही. टेरेझाला वाटलं, चालूच झाली नाही.

"चालू हाय," परशुराम म्हणाला. "आता ही ओरडत नाय. शिकलेली हाय."

मग त्याने बॉनेट उघडून तिला एक काळा चपटा खोका दाखवला. हा कॉम्प्युटर. ह्याला सगळ्या वायरी येतात, हाच सगळं सांगतो, डिझेल किती, हवा किती. "एक गोष्ट लक्षात ठेव बाय. मिठाला जप. याच्यात मीठ शिरलं की खेळ खलास."

"मिठाचं तू मना शिकवतोस? समुद्रावर राहतंय मी."

"तेबी खरंच," परशुराम म्हणाला आणि त्याने बॉनेट लावलं.

एवढंच बोलणं झालं. सगळं तिथेच चुकलं आणि दोघांपैकी एकालाही ते कळलं नाही.

तारोडीत समुद्रावरून जे जे परत येतं त्याला गोडं पाणी मिळतं. होडीचं मशीन, नांगराची साखळी, कोयता, पाय. आधी गोडं पाणी, मग जेवण. त्याला कुणी काम म्हणत नाही, तोंड धुणं काय काम असतं का? टेरेझाची गाडी रोज अर्धं चाक लाटेत घालून उभी राहणारी. सव्वीस वर्षं रोज दुपारी परत आल्यावर ती बॉनेट उघडायची आणि विहिरीचं तीन बादल्या पाणी त्या जुन्या इंजिनावर ओतायची. ते फुसफुसायचं, वाफ सोडायचं, दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं. त्याला कसला कॉम्प्युटर न् कसलं काय. नुसतं लोखंड. इतकी वर्षं ते टिकलं ते याच पाण्यावर, असं तिचं म्हणणं, आणि ते चुकीचंही नव्हतं.

मग नव्या इंजिनाचे तर लाडच झाले. परशुरामने मिठाला जप म्हणून सांगितलेलं. बादली पुरेना, म्हणून टेरेझाने नळाला पाईप लावला. कोपरा न् कोपरा. वायरींच्या मधून. त्या काळ्या खोक्याला तर चारही बाजूंनी, कारण तोच महत्त्वाचा. पहिल्या दिवशी साबणसुद्धा लावला.

नऊ दिवस गाडी अशी पळाली की सुलू हौद्यातून ओरडली, "बाय, हळू! पापलेटं उडून चाललीत!" सुलू सातांतली सगळ्यात तोंडाळ. टेरेझाला ती मनापासून आवडते आणि त्याच कारणाने आवडत नाही. त्या नऊ दिवसांत माल सकाळी दहाच्या आत संपायचा. एकदा तर बायकांनी परत येताना राई गावाजवळ गाडी थांबवून शहाळी प्यायली. सातजणी, दिवसाउजेडी, काम संपवून. असं किती वर्षांत झालं नव्हतं.

दहाव्या दिवशी मुर्ध्याजवळ डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जीवच गेला. पेडल पार खाली दाबलं तरी गाडी सायकलच्या चालीने. मागून हॉर्नवर हॉर्न. पन्नास-साठ पावलं तशीच रांगली आणि बंद पडली. परत चालू झालीच नाही.

रस्ता तोच, पाट्या त्याच, वर ऊनही तसंच. फक्त या वेळी शिव्या द्यायला टेम्पोवाला नव्हता. म्हणून तिने परशुरामला फोन लावला, आणि तोही स्पीकरवर, सगळ्यांनी ऐकावं म्हणून.

"परशुराम, तुझं इंजिन मेलं."

"काय झालं? दिवा लागला का? पिवळा का लाल?"

"दिव्याचा रंग गेला खड्ड्यात! सात बायका रस्त्यावर बसल्यात माझ्या. जमत नव्हतं तर न्हाय म्हणायचं होतंस. हात थरथरतात तुझे, मी बघितलंय. थरथरत्या हाताने काम घ्यायचं कशाला?"

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "दुसऱ्याची गाडी उघडून ठेवलीय. ती बांधतो आणि येतो."

मासा रस्त्यावरच गेला, मिळेल त्या भावात. गाडी ट्रॅक्टरला बांधून तारोडीला आणली. दुसऱ्या दिवशी हंगामाची गर्दी, एकही टेम्पो मोकळा नाही. जे होते ते बड्या व्यापाऱ्यांनी आधीच धरलेले. सुक्याचा साठाही दोन महिन्यांत संपलेला. शेवटी सुलूला एकटीला उरलासुरला दोन किलो सुका जवळा देऊन बसने पाठवलं, जागा राखायला. तिने काय करावं? गोणपाटं पसरली, सात घमेली ओळीने मांडली, सहा रिकामी, आणि जवळ्याच्या घमेल्यामागे बसली. लोक विचारायचे, मावशी मासे कुठेत? ती म्हणायची, येतायत. संध्याकाळपर्यंत येतायतच. पण एकटी सुलू सात जणींची जागा किती ताणणार? त्या दिवशी शेजाऱ्यांनी दोन घमेली सरकवून तेवढी जागा खाल्ली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी तीन.

तिसऱ्या दिवशी सुलूने जायलाच नकार दिला. "मना लाज वाटते. रिकामी भांडी मांडून बसलंय, भीक मागायला बसल्यागत."

त्याच सकाळी परशुराम आला. बसने, खांद्याला हत्यारांची पिशवी. टेरेझाच्या अंगणात सगळ्या बायका जमल्या होत्या. कुणी त्याला ये म्हटलं नाही. बॉस्कोने खुर्ची आणली, ती तशीच राहिली. परशुरामने बॉनेट उघडलं, चष्मा लावला आणि काळ्या खोक्याचा मोठा प्लग दोन्ही हातांनी धरून ओढला. प्लगमधून पाणी ओघळलं. खोक्याच्या आतूनही. त्याने एक थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"खारं नाय," तो म्हणाला. "गोडं हाय."

परशुरामने बॉनेटच्या कडेने बोट फिरवलं. तिथलं रबर जुनं, जागोजागी चिरलेलं. बोट तिथेच थांबलं.

"पावसाचं पाणी. हे रबर बदलायला हवं होतं, मी जुनंच ठेवलं." त्याने चष्मा काढला. "माझी चूक हाय. नवा खोका मी आणून देतो."

"बघ! मी म्हटलं न्हाय?" सुलू तडकली. "कान पकडायला लावायला हवं याला. आमची जागा गेली याच्या रबरापायी!"

टेरेझा पायरीवर बसली होती. तिच्यापासून हातभर अंतरावर पाईप गुंडाळून ठेवलेला, त्याच्या तोंडातून अजून पाणी ठिबकत होतं. ते ती बघत होती, आणि इतका वेळ जे डोक्यात शिरत नव्हतं ते आता शिरलं. गोडं पाणी.

गप्प बसायचं, बस. म्हातारा स्वतःच सगळं अंगावर घेत होता. खोकाही तोच आणणार होता. सहा बायका त्याच्या नावाने बोटं मोडणार आणि टेरेझा उद्याही तारोडीची टेरेझाच राहणार, जिच्या तोंडाला कुणी लागत नाही. पावसाचे दिवस, कोण शंका घेणार?

ती थकली होती. तीन दिवस झोप नव्हती. खोटं बोलायला सुद्धा अंगात जोर लागतो.

"पाऊस न्हाय तो," ती म्हणाली. "मी धुतंय."

"काय धुतेस?"

"इंजिन. रोज. पाईप लावून."

परशुराम आपणहून त्या खुर्चीवर बसला.

"इंजिन धुतेस?"

"तूच बोललास ना, मिठाला जप. मंग मीठ काय फुंकून जातंय? आमच्यात धुतात."

"आमच्या मिठागरात प्यायचं पाणी डोक्यावरून यायचं बाय, दोन-दोन कोस." परशुराम सावकाश बोलत होता, जणू तिला नाही, स्वतःलाच सांगतोय. "ते लोखंडावर कोण ओतील? आमचा बाप तेलाचा बोळा फिरवायचा आणि वर कपडा टाकायचा. मिठाला जप म्हंजे कोरडं ठेव, एवढंच मला ठाऊक. कुणी इंजिनाला आंघोळ घालील हे माझ्या डोक्यातच आलं नाय."

बॉस्को एकटा हसला. बाकी कुणी नाही.

"म्हणजे आमची जागा तुझ्या पाईपातून वाहून गेली," सुलू म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

"हां," टेरेझा म्हणाली.

"आणि आम्ही तीन दिवस या माणसाला शिव्या घालतोय."

"हां."

बायका एकेक करून उठून गेल्या. सुलू सगळ्यात शेवटी. टेरेझा परशुरामजवळ गेली. "हाताचं बोललंय मी ते..."

"थरथरतात," परशुराम प्लग फडक्याने पुसत म्हणाला. "खोटं काय बोललीस?"

तिला वाटलं होतं तो रागवेल. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

दुसरा खोका शोधायला आणि त्याची या इंजिनाशी गाठ घालायला सहा दिवस गेले. तेवढ्यात बाजारात जागा राखायला कुणीच गेलं नाही. परशुरामने या वेळी तो बॉनेटखाली ठेवलाच नाही. पत्र्याला भोक पाडून वायरी आत घेतल्या आणि खोका ड्रायव्हरच्या सीटमागे, उंचावर बसवला. बाहेरच्या प्रत्येक प्लगला ग्रीस, वर टेप, वर रबरी नळी. मग टेरेझाच्या हातात तेलाचा बोळा दिला आणि स्वतःसमोर तिच्याकडून इंजिन पुसून घेतलं. वर बोळा. पाणी फक्त खाली, चाकांना आणि चासीला. "बादलीने. पाईप विकून टाक," म्हणाला.

गाडी उत्तम चालते आता. ते सांगून टाकलेलं बरं.

पण ती बाजाराच्या तोंडाशी पोचली तेव्हा त्या जागेवर अर्ध्यात एक शहाळीवाला आणि अर्ध्यात एक कोळंबीवाला बसलेला होता. टेरेझा खाली उतरली. सगळा बाजार बघायला लागला, आता तमाशा होणार म्हणून. शहाळीवाल्याने कोयता बाजूला ठेवला, हात जोडले.

"आंटी, तीन दिन के ऊपर हो गया. आपही लोग का रूल है ना?"

शब्द दातांपर्यंत आले होते, एकापेक्षा एक. तिने ते गिळले. रूल खरंच तिचाच होता. आणि लसूणवाला चार पावलांवर बसून काही न बोलता लसूण सोलत होता.

बायकांनी पाट्या उचलल्या आणि आत गेल्या. बाजार जिथे वळतो त्याच्याही पुढे, विजेच्या डब्याच्या भिंतीला लागून थोडी जागा मिळाली. सावली नाही, ओटा नाही, बाजूला गटार. तिथवर गिऱ्हाईक येतच नाही. तोंडाशी जे दिसतं ते घेतं आणि घरी जातं. पूर्वी दहाला माल संपायचा, आता एक वाजेपर्यंत बर्फ बदलत बसायचं. सुलू अजून टेरेझाशी बोलत नाही. गाडीत मात्र बसते. दुसरं करणार काय? पाटीसकट बस तिला घेत नाही.

टेरेझा दुपारी घरी येते, चाकांवर दोन बादल्या ओतते, वर बोळा फिरवते आणि पायरीवर बसून राहते. बॉस्को जेवायला हाक मारतो, तीनदा मारतो. भांडायची ताकद आता पूर्वीसारखी नाही, आणि कुणाशी भांडायचं हेही नीट सापडत नाही. धंदा परत मिळवायचा एकच मार्ग उरलाय, तो म्हणजे गिऱ्हाईकाने तिथवर जाणं. गिऱ्हाईक जिथे उभं राहील तो बाजार.

तेव्हा पूनम सागरला मासे घ्यायला जाल, तर तोंडाशी थांबू नका. वळणावरून पुढे जा, विजेच्या डब्याच्या भिंतीपर्यंत. साठ-सत्तर पावलांचं काम आहे. उन्हात सातजणी बसलेल्या दिसतील. मासा ताजा आहे, गाडी वेळेवर येते. तेवढी पावलं चाला.